खांबावरचा हातमोजा

तो हातमोजा आधी बाहेर ठेवून ये, फीबी. शेगडीजवळ वाळत घालायचा नाही. फाटकावर सापडला ना तुला? मग फाटकाच्याच खांबावर घाल, नीट दिसेल असा, आणि ये. चहा नंतर मिळेल. अंधार पडलाय म्हणून काय झालं, फाटक काही लंडनला नाही. आणि रोरी, तू दात काढू नकोस. काल वटवाघूळ आत शिरलं तेव्हा खुर्चीवर कोण चढलं होतं ते मी पाहिलंय.

आलीस? दार लावून घे. बस इथं.

तू चांगल्या मनानंच आत आणलास, ते मला कळतं. भिजेल बिचारा, म्हणून. पण आपल्याकडे तसं करत नाहीत गं. वाटेत कुणा पोराची टोपी, बूट, मोजा पडलेला दिसला तर उचलायचा आणि जवळच्या खांबावर, कुंपणावर ठेवून द्यायचा. हरवणारा शोधत आला की त्याला तिथंच सापडतो. घरी कुणी नेत नाही. आणि एकदा खांबावर ठेवलेल्याला तर कुणी हातसुद्धा लावत नाही. तुमच्या आईनं तुम्हाला फोन कसा वापरायचा ते शिकवलं, हे मात्र शिकवायचं राहिलं.

नाही, रागावलो नाही. जरा... असू दे. फोन ठेवा ते खाली. एक हकीकत सांगतो. गोष्ट नाही, घडलेलं आहे, आणि ज्याच्या बाबतीत घडलं त्याच्या तोंडून मी ऐकलेलं आहे. याच टेबलाशी बसून.

आज ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. आज रात्री दोन वाजता घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे घ्यायची. त्या वर्षीही हीच रात्र होती. तुम्ही दोघं तेव्हा जन्मलाही नव्हतात.

पलीकडचं सॅमफायर कॉटेज आहे ना, सुट्टीत भाड्यानं देतात ते, त्याच्या किल्ल्या तेव्हा माझ्याकडे असायच्या. शेगडीची लाकडंही मीच पोचवायचो. त्या बुधवारी लाकडं घेऊन गेलो तर दार उघडलं नील पेगनं. हा नील लहानपणी दर ऑगस्टला आईबापांबरोबर इथंच उतरायचा. गुडघे कायम फुटलेले, खिशात खेकड्याचे पाय. आता पीटरबरोला सामानाची व्हॅन चालवत होता. मला बघून त्यानं मिठीच मारली. मग माझ्याबरोबर लाकडं रचू लागला आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. बायकोपासून वेगळा झाला होता. पोरगी आईकडे, सहा वर्षांची, टिली नाव. शाळेच्या सुट्टीतला हा एक आठवडा त्याच्या वाट्याला आला होता.

भांडण कशावरून, ते मी विचारलं नाही, त्यानंच सांगितलं. तो वेळेवर पोचायचा नाही. शाळा सुटल्यावर पोरीला आणायचं, तर ही शेवटची एक फेरी करून येतो म्हणायचा, आणि ती पोर शाळेच्या फाटकाशी उभी. शिपाई दिवे मालवायला लागायचा तरी उभी. एकदा नाही, पुष्कळदा. आता टिली त्याच्याशी बोलतच नव्हती. विचारलं तर हो, नाही, एवढंच. आणि आईनं सांगून ठेवलं होतं, परत आल्यावर मुलगी पुन्हा जाईन म्हणाली तरच पाठवीन, जबरदस्ती करणार नाही.

मला म्हणाला, "क्लिफकाका, एवढा आठवडा नीट गेला पाहिजे. नाहीतर माझं कुणीच उरत नाही."

बिचाऱ्यानं काय काय केलं नाही. लहानपणी आईबापांनी त्याला जिथं जिथं फिरवलं, तिथं तिथं पोरीला घेऊन गेला. धक्क्यावर बसून दोरीला बेकनचा तुकडा बांधून खेकडे धरले, बादली भरली, सांजेला सगळे परत पाण्यात सोडले. होडीतून सील बघायला नेलं. वाफेच्या छोट्या गाडीत बसवलं. पाऊस लागला त्या दिवशी दोघं गाडीतच बसून काचेतून समुद्र बघत सँडविच खात होती, सगळी खातात तशी. पोरगी सगळीकडे गेली. पण हसली नाही. होडीत तिचा एक हातमोजा पडला, तेही तिनं सांगितलं नाही, त्यालाच हात लाल झालेला दिसला.

शनिवारी कॉटेज रिकामं करायचं असतं, पण मागून कुणी येणार नव्हतं, म्हणून मी म्हटलं, राहा रे रविवारपर्यंत. तो माझ्या हातून मिळालेला जादाचा दिवस. त्या दिवशी तो तिला खाजणातून चालत किनाऱ्यावर घेऊन निघाला. ऊन होतं, पण वारा असा की कान दुखावेत. खाडीवरचा लाकडी पूल लागला.

त्या पुलाच्या पहिल्या खांबावर एक निळा हातमोजा होता. लहान मुलाचा, लोकरीचा, बोटं वेगळी नसलेला, नुसता अंगठा वेगळा. अंगठ्याजवळ पांढऱ्या लोकरीनं रफू केलेला. तो खांबावर असतोच. मी लाकडाचा धंदा सुरू केला तेव्हाही होता. वाऱ्यानं, खाऱ्या पाण्यानं असला मोजा एका हिवाळ्यात फाटायला हवा, पण आम्ही म्हणायचो, दर वर्षी कुणाचा तरी हरवत असेल. लोकांना काय, काहीतरी म्हणून मोकळं व्हायचं असतं. पण जाता-येता कुणी त्याला शिवत नव्हतं, आणि माझी बायको, तुमची आजी, संध्याकाळी तिथून येताना त्याला हळूच गुडनाइट म्हणायची. मी थट्टा करायचो तिची.

नीलला हे ठाऊक नव्हतं का? होतं. तोही इथंच वाढल्यासारखा होता. पण पोरीचा हात गारठलेला, आणि तिच्यासाठी काहीतरी करून दाखवायला जीव तरसलेला. त्यानं मोजा खांबावरून काढला आणि तिच्या हातात चढवला. परत येताना ठेवू, म्हणाला.

झालं. तिथून पोरगी खुलली.

पळायला लागली, बोलायला लागली. किनाऱ्यावर रंगीत लाकडी खोल्या आहेत, त्या हिवाळ्यासाठी बंद केलेल्या, तिथं आडोशाला बसून दोघांनी थर्मासमधला चहा प्यायला. तिनं वाळूचा किल्ला केला, दोन दरवाजांचा. नीलला वाटलं, देव पावला. त्यानं फोटोवर फोटो काढले. परत यायला पाय दुखायला लागले तिचे, म्हणून किनाऱ्याच्या रस्त्यानं बस धरली. पूल राहिला बाजूला. मोजा राहिला हातात.

संध्याकाळी मी व्हॅन घेऊन धक्क्यावरून चाललो होतो. दोघं भिंतीवर बसून चिप्स खात होती. नीलनं लांबूनच मला अंगठा वर करून दाखवला. तोंडावर असा आनंद की मलाच भरून आलं. टिली त्याच्या उजव्या बाजूला बसली होती, आणि तिच्याही पलीकडे थोडी जागा सोडलेली. तिथं ती एक एक चिप्स ठेवत होती. एक आपल्या तोंडात, एक तिथं. सीगलसाठी असेल, म्हटलं.

पण आपले सीगल कसे आहेत ते तुम्ही जाणता. परवा रोरीच्या हातातून अख्खा मासा पळवला. त्या दिवशी पंचवीसेक पक्षी होते भिंतीवर. सगळे लांब बसलेले. त्या चिप्सकडे बघत होते आणि एकही जवळ येत नव्हता.

घरी आल्यावर नील फोटो बघत बसला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. प्रत्येक फोटोत पोरीचा मोज्याचा हात बाजूला धरलेला. जरासा वर. खेळताना, चालताना, उभी असताना. कुणाचा तरी हात धरल्यावर आपला जसा असतो, तसा. आणि बोलतेय, हसतेय... पण त्याच्याकडे बघून नाही. दुसऱ्या बाजूला बघून.

त्यानं विचारलं, कुणाशी बोलतेस गं? तर म्हणाली, तिच्याशी. नाव काय तिचं? तिला आठवत नाही, म्हणाली. मुलांना असतात अशा खोट्या मैत्रिणी, असं त्यानं मनाला समजावलं. मोजा काढायला गेला तर पोरीनं मूठ आवळली. राहू दे म्हणाला, उद्या जाता जाता ठेवू. झोपवलं तिला. ती पलंगाच्या अगदी कडेला सरकून झोपली. अर्धा पलंग मोकळा ठेवून.

त्याला जाग आली ती गारठ्यानं. एक वाजून गेला होता. जिन्यातून वारा येत होता.

पलंग रिकामा.

खालचं दार सताड उघडं.

टॉर्च घेतली आणि तसाच धावला, पायात बूट नाहीत. बाहेर धुकं. पुढचं फाटक दिसेना असं धुकं. हाका मारल्या. आवाज दोन हातांवर जाऊन विझत होता. आणि खाजणात खळखळ... भरती चढत होती. मोठी भरती होती त्या रात्री. अशा भरतीला पुलाच्या फळ्या पाण्याखाली जातात.

खाजणातली वाट त्याला पाठ होती, म्हणून निभावलं. वाट संपते तिथं टॉर्चच्या उजेडात टिली दिसली. रात्रीच्या कपड्यांत. पाण्यात घोट्यापर्यंत उभी. उजवा हात बाजूला. जरासा वर.

त्यानं जाऊन तिचा डावा हात धरला. ओढलं.

पोरगी हलेना.

सहा वर्षांची पोर, वजन ते केवढं. पण हलेना. जणू पलीकडूनही कुणी धरलं होतं.

"सोड ना, बाबा," ती म्हणाली. रडत नव्हती, घाबरलेली नव्हती. "तिला परत न्यायचंय."

"कुठं?"

"खांबाजवळ. तिची आई थर्मास विसरली होती, तो आणायला गेलीय. इथंच थांब, मी येते, म्हणाली. खांबाजवळून हलू नकोस म्हणाली. आणि आपण तिला नेलं ना, बाबा. आता आई आली तर ती सापडणार कशी?"

पाणी चढत होतं. खळखळ... खळखळ... मग टिली म्हणाली, तेही अगदी साध्या आवाजात, तक्रार नाही काही नाही,

"खूप वेळ उभं राहावं लागतं. मला माहितीय."

हे सांगताना, पोरांनो, तो समोरच्या खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडला. मी आपला चहाच्या किटलीकडे बघत बसलो. अशा वेळी माणसानं करायचं काय.

त्यानं टिलीच्या उजव्या बाजूला बघितलं. तिथं कुणी नव्हतं. धुकं होतं. तो त्या धुक्याला म्हणाला, चूक माझी आहे. मी नेलं तुला, मीच सोडतो. तिला जाऊ दे.

मूठ सुटली. मोजा आपसूक निघून त्याच्या हातात आला.

पोरीला त्यानं खांद्यावर घेतलं. मोजा लहान, त्याच्या बोटांच्या पेरांवर कसाबसा बसला. आणि तो पुढं निघाला, पाण्यात. घोटे... पिंढऱ्या... गुडघे. उजवा हात त्यानंही बाजूला धरला होता. का धरला, त्याला सांगता येईना. म्हणाला, "काका, मोज्याच्या आतून... कुणीतरी माझी बोटं धरली होती."

खांब सापडला. त्यानं मोजा वर चढवला. आणि मग त्याच्या तोंडून निघून गेलं, आपण कुणाही मुलाला म्हणतो तसं,

"इथंच थांब हं. मी येतो."

बोलला आणि जिथल्या तिथं थिजला. कारण हेच... हेच कुणीतरी तिला म्हणून गेलं होतं. आणि हेच तो टिलीला म्हणायचा. खांद्यावरून पोरगी त्याच्या कानाशी म्हणाली, "तू म्हणतोस आणि येत नाहीस."

"येईन," तो खांबावरच्या मोज्याला म्हणाला. "पुढच्या वर्षी. याच दिवशी. तुला फिरायला नेईन."

तो परत आला तेव्हा कॉटेजमध्ये ठेवलेल्या फोनवर एक वाजून गेला होता. म्हणजे निघाला तेव्हा जेवढे वाजले होते तेवढेच. त्यात नवल काही नाही, त्या रात्री दोनाचा पुन्हा एक होतो. पण नील म्हणायचा, तो तास कुणाच्याच हिशेबात नसतो, काका, म्हणून तिला तोच मिळतो. उजाडायला माझ्या दारात उभा. पोरगी खांद्यावर गाढ झोपलेली. मी तिला या बाकावर निजवलं, आणि त्यानं सगळं सांगितलं.

टिली आईला म्हणाली, मला पुन्हा जायचंय. त्यानंतर दर सुट्टीत ती बापाकडे यायची, आणि शाळेच्या फाटकाशी तिला कधी उभं राहावं लागलं नाही. नील आधी जाऊन उभा असायचा. आता मोठी झालीय, न्यूझीलंडला नर्स आहे. तिला ती रात्र आठवत नाही. आठवत नाही असं ती म्हणते.

आणि नील येत राहिला. दर वर्षी, याच शनिवारी. आधी कॉटेजमध्ये उतरायचा, पुढं एकट्याला ते परवडेना, तर इथं माझ्याकडे, फीबी झोपते त्या खोलीत. सकाळी खाजणात जायचा. खांबावरचा मोजा काढायचा, तीन बोटांवर घालायचा आणि दिवसभर हिंडायचा. वाफेच्या गाडीत बसायचा, तिकिटं दोन काढायचा. धक्क्यावर खेकडे धरायचा. गावातले लोक म्हणायचे, बायको गेल्यावर डोकं फिरलं याचं. म्हणोत. संध्याकाळी भिंतीवर बसून दोन पुड्या चिप्स घ्यायचा. एक आपली, एक बाजूला उघडून ठेवलेली. सीगल लांब बसलेले. मी व्हॅनमधून बघायचो आणि पुढं निघून जायचो. जवळ जाऊन बसावं असं वाटायचं. पण ती जागा भरलेली असायची.

अंधार पडला की मोजा परत खांबावर. "इथंच थांब, मी येतो" म्हणायचा आणि यायचा. एक वर्ष चुकलं नाही. पाय मोडला होता त्या वर्षी काठी टेकत आला.

नील मार्चमध्ये गेला.

झोपेतच गेला. टिलीनं फोन करून सांगितलं. मी जाऊन मातीला हजर राहिलो. मोजकीच माणसं होती. फार एकटा पडला होता रे पोरगा, हे मला तिथं कळलं. आमच्या इथल्या एका शनिवारावर तो वर्ष काढत होता.

आज सकाळपासून माझ्या मनात तेच आहे. ती बघत असेल. सकाळ झाली, दुपार झाली. वाफेची गाडी दोनदा शिट्टी देऊन गेली. मला वाटत होतं आपण जावं. पण मी कोण तिचा? तिला मी काही कबूल केलेलं नाही. म्हातारा माणूस, गुडघे धड नाहीत. असं करत करत दिवस घालवला, आणि तुम्ही दोघं म्हणालात, आजोबा आज गप्प का.

आणि मग सांजेला फीबी तो मोजा घेऊन आत आली.

निळा. अंगठ्याजवळ पांढऱ्या लोकरीचं रफू. तू बघितलंस ना, फीबी? पूल इथून अर्ध्या मैलावर आहे. एवढ्या वर्षांत तो खांब सोडून कुठं गेला नाही. हलू नकोस, असं तिला सांगितलेलं आहे. आणि आज तो आमच्या फाटकावर... नील जिथं उतरायचा त्या घराच्या.

शोधायला आलीय ती त्याला.

रडू नकोस गं. भ्यायचं काय त्यात. लहान मूल आहे.

रोरी, माझा कोट दे. तो नाही, जाड. चिप्सचं दुकान अजून उघडं असेल. दोन पुड्या घ्यायच्या आणि भिंतीवर बसायचं, एवढंच. नील का आला नाही ते तिला कुणीतरी सांगायला हवं. वाट बघत उभं ठेवू नये माणसाला. तुम्ही इथंच... नाही. तसं म्हणत नाही मी. तुम्ही पण चला.

काठी कुठाय? हां. कडी काढ.

...

फीबी.

तू तो मोजा फाटकावर ठेवला होतास ना? खांबावर? नक्की?

मग हा दाराच्या मुठीवर कुणी घातला?

शिवू नका. थांबा, मी बघतो.

...

आतून गरम आहे.